तीनच्या गाडीनं आलेली लेक

तार आली तेव्हा सत्यभामाबाई ओसरीवर ज्वारी पाखडत बसली होती. तिचा नवरा शेषराव दारातच तार वाचून उभा राहिला, आणि मग हळूच म्हणाला, "अवं, वडनेरहून तार हाये. तुह्ये बाबा गेले. लवकर या म्हनते."

सत्यभामाबाईनं सुपातली ज्वारी टोपल्यात ओतली. कोंडा हातानं गोळा करून एका बाजूला सारला. सूप भिंतीला टेकवून ठेवलं आणि मग ती उठली. शेजारच्या आशाबाईनं हे सगळं कुडावरून पाहिलं. पुढं कितीतरी दिवस ती देऊळघाटात सांगत होती, "बाप मेल्याची तार हातात, आन् बाईनं आधी ज्वारी भरली व माय!"

तो सत्तर सालचा वैशाख होता. तेव्हा मोटारी कमी, उन्हं फार, आणि मयत ठेवायला बर्फ वगैरे काही नव्हतं. सासरी असलेल्या लेकीसाठी थांबायचं ते सूर्य पाहून, फार तर दुपार टळेपर्यंत.

आणि लेक आली हे कळायचं कसं, तर तिच्या आवाजानं. आपल्याकडं तेव्हा रीतच होती. आई नाहीतर बाप गेला की लेक मोटारीतून उतरली, वेशीपाशी आली, की तिथूनच हंबरडा फोडायची. तो आवाज आधी घरी पोचायचा आणि लेक मागून. घरात बसलेल्या बाया म्हणायच्या, "आली व लेक," आणि चार जणी तिला धरायला बाहेर यायच्या. कोणाला फाट्यावर उभं करावं लागत नसे. लेकीचा आवाज हाच निरोप.

त्यात सत्यभामाबाईचा आवाज वडनेर भोलजीत नावाजलेला. तिची आजी वारली तेव्हा ती विशीत होती. फाट्यावरून जी रडत आली, ती आजीच्या एकेका गोष्टीचं नाव घेत आली. आजीची वाकळ, आजीचा चुन्याचा डबा, आजीनं भाकरीच्या पापुद्र्यात लपवून दिलेला गूळ. बाया पिठाचे हात घेऊन दारात आल्या होत्या. ज्यांचं आजीशी भांडण होतं त्याही रडल्या. तेव्हापासून गावात कोणी म्हातारं गेलं की एखादी तरी म्हणायची, "भामीसारखं रडनं पायजे. मेल्याचं सार्थक झाल्यावानी वाटते मानसाले."

आता ती बेचाळीस वर्षांची होती, आणि तार येऊन तास झाला तरी तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं.

त्याला कारण एक पिवळी गोळी होती. मसुराच्या दाळीपेक्षा थोडी मोठी.

सहा वर्षांपूर्वी तिचं अंग दुखायला लागलं. आधी मान आणि खांदे, मग कंबर, मांड्या, बोटांची पेरं, आणि मग सगळंच एकदम. असं दुखणं की लुगड्याच्या निऱ्यांची गाठ पोटावर सहन होईना. हातातल्या बांगड्या जड व्हायच्या, म्हणून तिनं दोन-दोनच ठेवल्या होत्या. वेणी घालायला हात वर केला की अर्ध्यात खाली यायचा. झोपून उठली की वाटायचं, कोणीतरी उखळात घालून कांडलं आहे. निर्गुडीचा पाला झाला, तिळाचं तेल झालं. बिब्ब्याचे चटके झाले, त्याचे डाग पाठीवर ओळीनं राहिले. बुलढाण्याला हाडांचा फोटो काढला. हाडं चांगली निघाली. तेच तिच्या मुळावर आलं. लोक म्हणायला लागले, फोटोत काही नाही म्हणजे अंगात काही नाही. कामाचा कंटाळा आहे बाईला.

एकटा तिचा बाप, जानराव, असं काही म्हणाला नाही. तो पांढरा फेटा बांधून वर्षातून दोन-तीनदा देऊळघाटला यायचा, ओसरीवर बसायचा, पाणी प्यायचा आणि एकच विचारायचा.

"भामे, झोप लागते का व तुले?"

"नाही, बाबा."

मग तो मान हलवायचा आणि बैलांचं बोलायला लागायचा.

गेल्या दिवाळीनंतर नागपुरात शिकलेला एक तरुण डॉक्टर बुलढाण्यात आला. त्यानं तिच्या मानेवर, खांद्यांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर अंगठ्यानं दाबून पाहिलं. दाबेल तिथं ती ओरडली. त्यानं हात धुतले आणि म्हणाला, "बाई, तुमचं दुखणं खरं आहे. फोटोत दिसत नाही म्हणून ते खोटं होत नाही."

हे वाक्य ऐकून ती तिथंच रडली होती. तेव्हा रडू येत होतं.

डॉक्टरनं काही लपवलं नाही. म्हणाला, "ही गोळी मूळची मन खचलेल्या माणसांसाठी आहे. त्यांना जास्त देतात, तुम्हाला थोडी देतो. अशा दुखण्यात तिनं झोप लागते आणि दुखण्याची धार कमी होते. पूर्ण बरं होईल असं मी म्हणत नाही. तोंड कोरडं पडेल, डोळेही कोरडे होतील. आणि एकदम बंद करू नका."

शेषराव खुर्चीच्या काठावर बसला होता. "म्हंजे डोक्याची गोळी का, डॉक्टरसाहेब?"

"आपण कोणासाठी आलो ते गोळीला कुठं माहीत असतं?" डॉक्टर हसून म्हणाला.

शेषराव हसला नाही. बाहेर आल्यावर चपला घालता घालता म्हणाला, "गोळी घे. पन कोनाले सांगू नको."

तिसऱ्या आठवड्यात ती पहिल्यांदा उजाडेपर्यंत झोपली. उठून बसली आणि बराच वेळ आपल्या हातांकडं पाहत राहिली. दुखणं गेलं नव्हतं. आतापर्यंत ते तिच्या अंथरुणात निजायचं, आता ओसरीवर जाऊन बसलं होतं. दिसत होतं, पण अंगाला लागत नव्हतं. फक्त त्याच्यासोबत आणखी काही जणं ओसरीवर गेली. राग गेला. हसू गेलं. थोरला मुलगा ऑक्टोबरच्या परीक्षेत मॅट्रिक पास झाला तेव्हा तिनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, आणि साखर संपल्यावर डबा घासून पालथा घातला. एवढंच. पण तिची तक्रार नव्हती. ती पुन्हा ज्वारी पाखडत होती, विहिरीवरून पाणी आणत होती. सहा वर्षं अंग ठणकलेल्या बाईला काही न वाटणं ही चैनच होती.

देऊळघाटहून बुलढाणा, बुलढाण्याहून घाट उतरून मलकापूर, आणि मलकापूरला गाडी बदलून वडनेर. खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता. सत्यभामाबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत एक लुगडं होतं आणि गोळ्यांची पुडी. शिंक येणार म्हणून माणूस थांबतो, तशी ती रडू यायची वाट पाहत होती. मुद्दाम बापाला आठवून पाहत होती. त्याचा फेटा, त्याचा खोकला, ती लहान असताना जत्रेत तिला खांद्यावर घेताना तो म्हणायचा ते "धर बे फेटा, पडशीन!" सगळं आठवत होतं, नीट, रंगासकट. पाणी येत नव्हतं.

मलकापूर सुटल्यावर शेषराव तिच्याकडं न पाहता म्हणाला, "फाट्यावर उतरल्यावर करशीन ना?"

"काय?"

"रडशीन ना?"

"येईन तवा रडीन."

तीन वाजता गाडी फाट्यावर थांबली. कंडक्टरनं घंटी मारली, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला आणि गाडी धूळ उडवत नांदुऱ्याकडं गेली. उन्हात रस्त्यावर कोणी नव्हतं. चहाच्या टपरीवर पोतं टाकलेलं होतं. दोघं गावाच्या रस्त्याला लागली. वेशीतला मारुती दिसायला लागल्यावर सत्यभामाबाईनं तोंड उघडलं.

जीभ टाळूला चिकटली होती. घशातून कोरड्या रहाटासारखा काहीतरी आवाज निघाला, तो तिचा तिलाच ऐकू आला. कडुलिंबाखाली रांजण होता. तिथं थांबून ती दोन गडवे पाणी प्यायली. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा काही नाही.

शेषराव मागं उभा होता. "थोडं तरी कर. लोकं काय म्हनतीन?"

"खोटं रडू?" ती म्हणाली. "बाबासाठी खोटं रडू का?"

ती पदर डोक्यावरून पुढं ओढून चालायला लागली. वेस ओलांडली, मारुतीवरून गेली. दारं लोटलेली होती. गल्लीत एक कुत्रं सावलीला पडलं होतं, त्यानंही मान उचलली नाही.

अंगणात पाय ठेवला आणि तिला शेणाचा वास आला. ओसरी नुकतीच सारवलेली होती, अजून ओली. माजघरात, बाप गेला त्या जागी, दिवा लावून त्यापाशी पीठ पसरलं होतं आणि वर टोपलं झाकलं होतं. भिंतीला टेकून तिची आई, अन्नपूर्णाबाई, बसली होती. तिच्याभोवती पाच-सहा बाया. आईचं कपाळ पुसलेलं होतं.

भावजय तानुबाई हातात खराटा घेऊन मागच्या दारातून आली आणि थबकली.

"बाई, तुमी! तुमी कोन्या गाडीनं आल्या व?"

"तीनच्या."

तानुबाईच्या हातातला खराटा खाली पडला. बायांनी एकमेकींकडं पाहिलं.

"तीनची गाडी आली ते आमी आयकलं," तानुबाई म्हणाली. "भोंगा आयकला. मंग तुमच्या आवाजाची वाट पाहिली. भावकीतले उकंडकाका म्हने, लेक आली असती त वेशीत आवाज झाला असता. आपली भामी मुक्यानं येनारी नाही. उन्हं लय झाले, उचला म्हने. हे म्हनत होते आनखी एक गाडी पाहू. पन आता कुठं पाहता म्हने, मामंजीले..." तिनं पुढचं गिळलं. "आताच नेलं हो बाई. मांगच्या गल्लीनं. तुमी पुढून आल्या."

शेषराव तसाच वळला आणि नाल्यावरच्या मसणाकडं पळत सुटला. त्याच्या चपलांचा आवाज गल्लीत लांबपर्यंत ऐकू आला. सत्यभामाबाई दिव्यापाशी बसली. बायका मसणात जात नसत, तेव्हा तिला बसण्याशिवाय काही नव्हतं. टोपल्याखालून पिठाची कड दिसत होती.

शेषराव तासाभरानं परत आला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "अग्नी देल्ला होता."

संध्याकाळी पुरुष नाल्यावर अंघोळी करून आले. तिचा भाऊ भगवानराव ओल्या धोतरानं दारात उभा राहिला. बहिणीला पाहून त्याचा चेहरा वाकडा झाला.

"भामे," तो म्हणाला, "तू मुक्यानं काऊन आली व?"

तिनं खुंटीवरचा कोरडा पंचा काढून त्याच्या हातात दिला.

नंतरचे दिवस बाया येत राहिल्या. एकेक येई, सत्यभामाबाईच्या गळ्यात पडे, गदागदा हलवून रडे. सहा वर्षं कोणी खांद्यावर हात ठेवला तर तिला भोवळ यायची. आता जाड्या-बारीक कितीतरी बाया तिच्या खांद्यावर पडून रडल्या आणि तिला काही झालं नाही. ती त्यांची पाठ थोपटायची. खरं म्हणजे त्यांनी तिची थोपटायची, पण उलटंच झालं.

मग बोलणं सुरू झालं. आधी पाणवठ्यावर, मग ओसरीवर.

"बुलढान्याजवळची झाली ना ते. शयरातल्या बाया काही रडत नाहीत."

"सासऱ्याच्या मयतीत त रडली होती म्हने!"

"बापानं वावर पोराच्या नावानं केलं असन, दुसरं काय?"

हे वावराचं शेषरावाच्या कानावर गेलं. तो मुळात शांत माणूस, पण वाटणीसाठी बायको रडली नाही हे त्याला लागलं. चौथ्या दिवशी ओसरीवर सगळ्यांदेखत तो बोलून गेला, "वावराचं काही नाही. तिले गोळी चालू हाये. आंग दुखते त्याची. ते गोळी डोक्याची हाये, तिच्यानं डोये कोरडे पडतात."

झालं. जे कोणाला सांगायचं नव्हतं ते एका दमात गावाला कळलं.

जानरावाची थोरली बहीण रुखमाबाई आत्या पंचाहत्तरीची होती, घरात तिचा शब्द चालायचा. तिनं सत्यभामाबाईला समोर बसवलं.

"येड्याची गोळी खाते तू?"

"आंगाच्या दुखन्याची हाये, आत्या."

"आंगाच्या दुखन्याची अशी कशी? आंगाची गोळी डोयातलं पानी कशी खाईन? तुह्या बापाचं शेवटचं तोंड पाहनं खाल्लं तिनं. त्याचं तेरावं होयेपर्यंत तरी घेऊ नको. त्याच्या नावानं रडली नाही त तो मोकळा कसा होईन?"

डॉक्टरनं सांगितलं होतं, एकदम बंद करू नका. सत्यभामाबाईला ते आठवत होतं. तिनं आईकडं पाहिलं. आई भिंतीकडं पाहत होती. तिनं पिशवीतून पुडी काढली आणि सगळ्यांसमोर भिंतीतल्या देवळीत ठेवली.

दुसऱ्या रात्रीपासून झोप गेली. तीन दिवसांत दुखणं ओसरीवरून उठून आत आलं. ते आधी मानेत शिरलं, मग खांद्यात, मग ज्याला त्याला आपली जागा सापडली. निऱ्यांची गाठ रुतायला लागली. तिनं हळूच दोन्ही हातांतली एकेक बांगडी काढून दिव्यामागं ठेवली. तानुबाईनं दिलेला पाण्याचा तांब्या तिच्या हातून सांडला, तेव्हा तिनं पाणी पदरानं पुसून घेतलं.

नवव्या दिवशी दुपारी मोताळ्याहून लांबची एक चुलती आली. दणकट बाई. दारातूनच रडत आली आणि सगळ्या भारानिशी सत्यभामाबाईच्या गळ्यात पडली.

सत्यभामाबाई किंचाळली. आणि त्या किंचाळीमागून रडू आलं, धो धो आलं. तोंडाला ओल सुटली होती, शब्द आपोआप जुन्या सवयीनं आले.

"अवो बाबाऽ, आता मले झोपेचं कोन पुसन वोऽ! माह्या ओसरीवर फेटा ठेवून पानी कोन मांगन वोऽ!"

गल्लीतल्या बाया धावत आल्या. कोणाच्या हाताला पीठ होतं, कोणाच्या काखेत पोर. सगळ्या रडल्या. रुखमाबाई आत्या डोळे पुसत म्हणाली, "रडली व माय, रडली. मोकळा झाला माहा भाऊ. मी म्हनलं नव्हतं? गोळी सोडली आन् लेकरू जाग्यावर आलं."

चुलती तिला घट्ट धरून होती. जितकं धरी तितकं सत्यभामाबाई रडे. शब्द बापाचे होते. पण हे रडणं खांद्याचं आहे, हे तिला पहिल्या हुंदक्यापासून माहीत होतं. या गर्दीत कुठंतरी बापासाठीही एखादा थेंब असेल, असं तिला वाटलं. तो निवडून काढता येईना.

आई भिंतीला टेकून पाहत होती. ती जागेवरून उठली नाही.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सकाळी निघायचं होतं. शेषराव अंगणात पायतान झटकत होता. सत्यभामाबाई दोन्ही हातांनी भिंत धरून चुलीपाशी बसायला गेली, तेव्हा अन्नपूर्णाबाई उठली. तिनं देवळीतली पुडी घेतली, गडव्यात पाणी घेतलं आणि लेकीपुढं बसली.

"घे."

"सकाळी घेत नाहीत, बाई. निजताना घेतात." ती आईला बाईच म्हणायची.

"मंग पदराले बांध. घरी जाऊन घेजो."

"आत्या..."

"आत्या तुह्या अंथरुनात निजाले येत नाही." अन्नपूर्णाबाईनं पुडी तिच्या पदराच्या टोकात बांधली, गाठ दोनदा ओढली. "म्या पाह्यलं त्या दिवशी. तिनं तुले दाबलं तवा तू रडली. मले काही सांगू नको. तू पोटात होती तवापासून मी तुले ओयखतो."

सत्यभामाबाईनं गडवा उचलून एक घोट पाणी घेतलं.

"गोळी घेतली की झोप लागते ना तुले?"

"लागते."

"मंग झालं. ते तेवढंच पुसत होते." आईचा आवाज नेहमीसारखाच होता. "शेवटच्या दिवशी म्हने, भामी आता झोपत असन का? मी म्हनलं, झोपते म्हने, निरोप आला होता. मंग गप पडून राहिले."

सत्यभामाबाईनं पदराची गाठ मुठीत धरली. मूठ दुखली, तरी सोडली नाही.

भगवानराव तिला फाट्यावर सोडायला निघाला होता. तो दारात आला तशी अन्नपूर्णाबाई त्याला म्हणाली, "भगवान, माह्या वेळी फाट्यावर मानूस उभा करजो. येईन त्या गाडीपाशी. तिच्या आवाजाची वाट पाहू नको."

"असं काऊन बोलते, बाई?"

"उभा करजो म्हनलं ना."

निघताना लेकी वेशीपर्यंत रडत जात. सत्यभामाबाई गेली नाही तशी. तिच्या अंगात चालण्यापुरतंच त्राण होतं. गल्लीतल्या बाया दारात उभ्या होत्या.

देऊळघाटला पोचल्यावर तिनं निजताना गोळी घेतली. झोप पुन्हा जमायला आठ-दहा दिवस लागले. मग एका सकाळी ती उठली तेव्हा दुखणं ओसरीवर जाऊन बसलं होतं, आणि बाकीची जणंही. ती ज्वारी पाखडायला बसली. कुडापलीकडून आशाबाईनं विचारलं, "लय रडली म्हने व तू तेराव्यात?" ती म्हणाली, "हाव." आणि सूप हलवत राहिली.

पाच वर्षांनी, पौषात, पुन्हा तार आली. या वेळी सत्यभामाबाई गाडीत शिंकेसारखी रडण्याची वाट पाहत बसली नाही. वडनेरच्या फाट्यावर उतरली तर भगवानराव स्वतःच सायकल घेऊन उभा होता. आधीच्या दोन गाड्याही त्यानं पाहिल्या होत्या, थंडीनं कान बांधले होते. तो सायकल हातात धरून तिच्या सोबतीनं चालायला लागला. वेशीवर तो क्षणभर थांबला, सवयीनं. मग पुढं चालला.

गल्लीत कोणी हंबरडा ऐकला नाही, पण सगळ्यांनी वाट दिली. तिरडी अंगणात तशीच होती. तानुबाईनं तोंडावरचं पांघरूण बाजूला केलं.

सत्यभामाबाई आईजवळ बसली. तिनं आईच्या तोंडात पाण्याचा थेंब सोडला आणि तुळशीचं पान ठेवलं. कपाळावर आलेली पांढरी बट मागं सारली. डोळे कोरडे होते. रुखमाबाई आत्या तेव्हा हयात नव्हती, पण बाकीच्या बाया होत्याच. त्यातली एक कुजबुजली आणि दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

सत्यभामाबाईनं आईचा चेहरा पाहिला. हनुवटीवरचं गोंदण, डाव्या भुवईतला जुना व्रण, थोडे उघडे राहिलेले ओठ. पाहून झालं तेव्हा तिनं पांघरूण ओढलं आणि भावाला म्हणाली, "उचला आता."